मोठं इंजिन, जुनी गाडी आणि कुरईचा घाट

आवाज मागपर्यंत येतोय ना? ठीक.

मला सांगण्यात आलं की हे भाषण बडोद्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत पाहिलं जाणार आहे, तेव्हा जबलपूरची मराठी जरा सांभाळून बोला. प्रयत्न करतो. पण चाळीस वर्षं गॅरेजमध्ये हिंदी बोललेल्या माणसाच्या तोंडात ‘चेंबर’ म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी आणि ‘सेल्फ’ म्हणजे स्टार्टर असतो, एवढं समजून घ्या.

विषय मला विचारलेल्या प्रश्नांतूनच आलाय. महिन्यातून एखादा तरी मुलगा येतो. वय बावीस-पंचवीस, हातात मोबाईल, मोबाईलवर जुन्या गाडीचा फोटो. कधी कॉन्टेसा, कधी वन-वन-एट एनई, कधी मारुती झेन. म्हणतो, ‘काका, यात मोठं इंजिन टाकायचंय. बजेट कमी आहे. होईल ना?’ मी त्याला खुर्ची देतो, चहा मागवतो. कारण या प्रश्नाला मी स्वतः एकदा ‘होईल’ असं उत्तर दिलं होतं.

पण आधी या गावाबद्दल दोन शब्द, कारण इंजिन बदलण्याचा धडा जबलपूरइतका दुसऱ्या गावात क्वचितच मिळाला असेल. इथे 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि 1969 पासून वाहन निर्माणी आहे, जिला आम्ही सगळे व्हीएफजे म्हणतो. माझे बाबा तिथे होते. लष्कराचे शक्तिमान ट्रक या गावचे आणि जोंगाही या गावची. जोंगा हे नाव अनेकांना जपानी वाटतं. गाडी जपानी होती हे खरं, निसान पेट्रोलच्या परवान्यावर बनलेली. नाव मात्र इंग्रजी आद्याक्षरांचं: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. महेंद्रसिंग धोनीने 2019 मध्ये एक घेतली तेव्हा नव्या पिढीला ती ठाऊक झाली. आम्हाला ती रस्त्यावर ट्रायलला जाताना रोज दिसायची.

त्या जोंगात सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. आवाज असा की लांबूनच कळायचं. लष्कराला ते ठीक होतं, पेट्रोल सरकारचं. पण वयात आलेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि सामान्य माणसाने घेतल्या, तेव्हा घरी नेऊन पहिल्यांदा टाकी भरली की त्याचा चेहरा उतरायचा. लिटरला चार-पाच किलोमीटर! मग लोकांनी ते इंजिन काढून डिझेल बसवायला सुरुवात केली. ट्रकचं, ट्रॅक्टरचं, जे हाताला लागेल ते. पंजाबपासून इथपर्यंत हे चाललं. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या बरोबर उलटं काम: भरपूर दमाचं इंजिन बाहेर, पोट भरणारं इंजिन आत.

मी तेव्हा शिकाऊ होतो आणि दोन-तीन जोंगांचं काम जवळून पाहिलं. पहिली गाडी तयार झाली, मालक खूश, पेढे वाटले. आठ दिवसांत परत आला. ‘गाडी पळतच नाही.’

का पळत नाही ते सांगतो, कारण हा हिशोब कुठल्याही इंजिन-बदलाला लागू आहे. गाडीचा वेग इंजिनाच्या ताकदीवरून नंतर ठरतो, आधी ठरतो तो फेऱ्यांवरून. समजा मागच्या हाऊसिंगमधल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण 4.1 आहे. म्हणजे शाफ्ट 4.1 वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. चाकाचा घेर समजा अडीच मीटर. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 3500 फेऱ्या करत असेल तर गाडी ताशी 128 किलोमीटरला जाते. आता तिथे असं डिझेल बसवा ज्याचा दम 2500 फेऱ्यांनाच संपतो. तीच गाडी, तेच चाक, वेग ताशी 91. इंजिन कितीही धडधाकट असो, त्याच्या पुढे जाणारच नाही. मग मालक आणखी दाबतो, इंजिन ओरडतं, आणि शिव्या मिस्त्रीला. क्राउन-पिनियन बदलणं किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स शोधणं हा त्यावरचा उपाय. म्हणजे स्वस्तातल्या इंजिनामागे दुसरा खर्च लगेच उभा.

निर्माणीनेही हे ओळखलं होतं. 1996 मध्ये व्हीएफजेने सामान्य ग्राहकांसाठी जोंगा काढली तेव्हा तिच्यात हिनोचं डिझेल इंजिन घातलं. बाबा घरी त्याबद्दल बोलायचे. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या कारखान्याला एक इंजिन बदलायला इतका वेळ का लागतो? आमच्या गॅरेजात तर दहा दिवसांत बदलतो! मी तेव्हा सव्वीसच्या आतबाहेर होतो, आणि त्या वयात दहा दिवस हा अभिमानाचा आकडा असतो.

आता माझ्या गाडीकडे येतो.

आपल्या देशात खरी स्पोर्ट्स कार सामान्य घरात आलीच नाही. पण कॉन्टेसा होती. लांब बॉनेट, रुंद बसकी बांधणी, मागून ढकलणारी चाकं. मूळ ढाचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, बनवली हिंदुस्तान मोटर्सने, 1984 पासून. बघितली की वाटायचं आता ही झेप घेणार. बॉनेट उघडलं की आत ॲम्बेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन, सुमारे 50 अश्वशक्ती. पैलवानाच्या छातीत चिमणीचं काळीज! कंपनीलाही ते पटत नव्हतं, म्हणून पुढे त्यांनी इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर दिले, ताकद 88 च्या आसपास. तीच कॉन्टेसा क्लासिक. म्हणजे भारतातला सगळ्यांत गाजलेला इंजिन-बदल कंपनीने स्वतः केलेला आहे.

माझ्याकडे सुरुवातीच्या काळातली, लहान इंजिनाची कॉन्टेसा आली. इंजिन धूर ओकत होतं, बॉडी मात्र सुरेख. आणि नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली क्लासिक मिळाली, जिचं पुढचं सगळं शाबूत होतं. आत्या नागपूरला, तिच्या यजमानांनीच शोधून दिली. ट्रकवर घालून जबलपूरला आणली. 1998 ची गोष्ट.

इथे मी एक गोष्ट बरोबर केली, ती आधी सांगतो. नुसतं इंजिन घेतलं नाही, अख्खी मेलेली गाडी घेतली. बजेट कमी असेल तर हाच एक रस्ता आहे असं माझं आजही ठाम मत आहे. कारण इंजिन एकटं येत नाही. त्याचे माउंटिंग येतात, ते ज्यावर बसतात तो क्रॉस मेंबर येतो. चेंबरचा आकार त्या क्रॉस मेंबरला चुकवून केलेला असतो. गिअरबॉक्सची बेल हाऊसिंग त्या इंजिनाच्या पाठीला जुळते, दुसऱ्याच्या नाही. क्लच प्लेटचे दाते शाफ्टच्या दात्यांना जुळतात. गिअरबॉक्स लांब निघाला तर प्रॉपलर शाफ्ट कापावा लागतो, आणि कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स केला नाही तर साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते आणि क्रॉस तुटतो. वायरिंग, एक्झॉस्ट, ॲक्सिलरेटरची तार, तापमानाचा काटा. बाजारात सुटं घ्यायला गेलात तर प्रत्येक वस्तू ‘फक्त एवढ्याला’ असते. मी वही ठेवली होती. शेवटी हिशोब केला तेव्हा इंजिन-गिअरबॉक्सची किंमत धरली त्याच्या अडीचपट बाकीच्यावर गेले होते, तेही दाता गाडी हाताशी असताना.

रेडिएटरही मी तिचाच घातला, हे शहाणपण उन्हाळ्यामुळे सुचलं. ढोबळ हिशोब असा असतो की पेट्रोलमधली साधारण तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा चाकाकडे जाते, साधारण तेवढीच रेडिएटरच्या पाण्यात आणि तेवढीच धुरातून. म्हणजे तुम्ही जितकी ताकद वाढवली जवळपास तितकीच शेगडी वाढवली. जबलपूरच्या मे महिन्यात जुना रेडिएटर ठेवून हे करणाऱ्याला मी रस्त्याच्या कडेला बादली घेऊन उभा असलेला पाहिला आहे.

कागदपत्रांचंही तेव्हा जमलं. त्या काळी कलम 52 प्रमाणे आरटीओला आधी कळवून, मंजुरी घेऊन बदल करता यायचा. आम्ही अर्ज केला, तपासणी झाली, इंजिन नंबर बदलून पुस्तकात चढला. आज हे सांगून मी कुणाची दिशाभूल करणार नाही. 2000 सालच्या दुरुस्तीनंतर कायदा कडक झाला: नोंदणीत कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मान्यताप्राप्त किटला सवलत आहे. जानेवारी 2019 मध्ये केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरता येतो हो. पण अपघात झाला, समोरचा जखमी झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर पाहून हात वर केले तर? ती रक्कम आयुष्यभर फिटत नाही. म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, तितक्याच सीसीच्या इंजिनाचा विषय असेल तरी आधी आरटीओत लेखी विचारा. वेगळ्या क्षमतेचं इंजिन असेल तर ती गाडी आज रस्त्यासाठी नाही, बंद ट्रॅकसाठी आहे, असं धरून चला. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात. पडू देत.

तर गाडी तयार झाली. दहा नाही, सत्तर दिवस लागले. सदरच्या रस्त्यावर पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये दाबली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारी बाबा होते. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या चौकात म्हणाले, ‘आता मला दे.’ तोवर माझ्या गाड्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता.

पैसे संपले होते. बाबांकडून घेतलेले निम्मे परत द्यायचे होते. दाता गाडीचं उरलेलं धूड आवारात पडून होतं, भंगारवाला रोज विचारायचा. मी विकून टाकलं. त्यात तिचे पुढचे ब्रेक गेले, बूस्टर गेला, मास्टर सिलिंडर गेला. मागच्या मालकाने ते नुकतेच नवे टाकलेले होते. माझ्या गाडीतले जुने होते, पण ‘लागतायत की चांगले’. शहरात लागत होतेच.

जानेवारीत आतेबहिणीचं लग्न. नागपूर. मी आणि बाबा पहाटे निघालो, आई आणि बाकीचे रेल्वेने. लखनादौन, सिवनी, मजेत. तेव्हाच्या सात नंबरच्या हायवेवर मी शंभर-एकशेदहाने गाडी चालवत होतो, जी पूर्वी ऐंशीला दमायची. यातला एक आकडा मला तेव्हा माहीत असून डोक्यात आला नाही. वेग ऐंशीवरून एकशेदहा झाला तर वाढ दिसते तिसऱ्या हिश्श्याची. पण थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा उष्णता करून गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते. जवळजवळ दुप्पट. इंजिन बदललं, ब्रेकचं पोट तेवढंच.

सिवनीच्या पुढे कुरईचा घाट लागतो. सागाचं जंगल, आता तिकडे पेंचसाठी पर्यटक जातात, तेव्हा ट्रकच ट्रक. उताराला एका ट्रकच्या मागे मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. नवीन इंजिन आहे, ओव्हरटेक करीन, परत ब्रेक, परत ओव्हरटेक. तिसऱ्या वळणाच्या आधी पॅडल खाली गेलं. म्हणजे सरळ फरशीला. पंप केलं, थोडं आलं, परत गेलं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल तापलं की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. त्या क्षणी मात्र डोक्यात एवढंच होतं की डावीकडे बाबा बसलेत. तिसरा घातला, कसाबसा दुसरा घातला, हँडब्रेक ओढला, आणि डावीकडच्या डोंगराच्या मातीला गाडी घासत नेली. उजवीकडे दरी होती, निवड सोपी होती. थांबली.

बाबांनी हात पुढे डॅशबोर्डवर रोवला होता. मनगट मोडलं. सिवनीला मागे फिरून प्लास्टर घातलं, लग्नाला संध्याकाळी बसने पोचलो. आत्याने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, घरात पाय घसरला. का तसं म्हणाले ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्याच वर्षी, 1999 मध्ये, जोंगाचं उत्पादन बंद झालं. ते मनगट थंडीत दुखायचं, शेवटपर्यंत.

जरा पाणी घेतो.

यानंतर मी बाहेरचं वाचायला लागलो, मिळेल ते. या खेळातलं जगातलं सगळ्यांत मोठं नाव कॅरोल शेल्बी. अमेरिकन शर्यतपटू, 1959 ची ल मान्स जिंकलेला, हृदयाच्या दुखण्याने शर्यत सोडावी लागलेला. इंग्लंडच्या एसी कंपनीची एस नावाची हलकी, छोटी स्पोर्ट्स कार होती. तिला दोन लिटरचं ब्रिस्टल इंजिन मिळायचं, ते बंद झालं. शेल्बीने 1962 मध्ये तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन घालून कोब्रा केली. गोष्ट बहुतेक लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचं महत्त्वाचं आहे. ते फोर्डचं इंजिन क्षमतेने दुपटीहून मोठं असलं तरी वजनाने जुन्यापेक्षा फार जड नव्हतं, कारण त्याचं ओतकाम पातळ भिंतीचं होतं. म्हणून पुढची चाकं दबली नाहीत, स्टिअरिंग बिघडलं नाही. तरीही मागचं डिफरेन्शिअल बदलून दणकट घालावं लागलं. आणि नंतर सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा तो ढाचा पुरलाच नाही. जाड नळ्यांची नवी चेसिस, पाटे काढून कॉइल स्प्रिंग. 1965 ची ती कोब्रा दिसायला बहीण, आतून दुसरी गाडी.

दुसरी गोष्ट सनबीम टायगरची, तीही शेल्बीचीच करामत. लहानशा गाडीत आठ सिलिंडर इतके ठासून भरले की एका स्पार्क प्लगपर्यंत पाना पोचेना. शेवटी गाडीच्या आतल्या बाजूने पडद्याला भोक ठेवलं, तिथून प्लग काढायचा! हे वाचून मला फार बरं वाटलं. जुगाड फक्त आपल्या रांझीत आणि रिछाईत होत नाही.

आता त्या मुलाला मी काय सांगतो? इंजिनाचं नावच काढत नाही. सांगतो, आहे त्या इंजिनावर गाडी आधी थांबवून दाखव. ब्रेक ऑइल नवं, होज नवे, मास्टर सिलिंडरचं किट नवं, ड्रम किंवा डिस्क घासून सरळ केलेली, टायर किती सालचा आहे ते वाच. मग स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे बुश. मग चेसिसचा गंज, विशेषतः माउंटिंगच्या आसपास, कारण गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, वरून रंग मारला की धरल्यासारखं दिसतं फक्त. एवढं झाल्यावर आहे तेच इंजिन खोलून नीट बांधून घे: रिंग, व्हॉल्व, कार्ब्युरेटरची सफाई, इग्निशनचं टायमिंग. गंमत सांगतो, यातले निम्म्याहून जास्त जण इथेच थांबतात. आपली गाडी मुळात किती चांगली पळायची हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. बापाने घेतली तेव्हा ती नवी होती, यांच्या हातात आली तेव्हा थकलेली.

जे थांबत नाहीत, ज्यांना ट्रॅकवरच न्यायची आहे, त्यांना म्हणतो वही आण. डावीकडे इंजिन, उजवीकडे बाकीचं. उजवं पान भरल्याशिवाय डाव्या पानावर पैसे टाकायचे नाहीत. आणि दाता गाडी घेतलीस तर शेवटचा बोल्ट आवळून, हजार किलोमीटर चालवून होईपर्यंत तिचा एक नटही विकायचा नाही. घरचे ओरडतील, आवारात जागा जाईल, मांजरी पिल्लं घालतील. असू दे.

परवा एक मुलगी आली होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, आजोबांची वन-वन-एट एनई घेऊन. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, मला इंजिन बदलायचंच नाहीये. याचं निसानचं बाराशे सीसीचं मूळ इंजिन परत बसवायचंय. कुणीतरी मध्ये काढून डिझेल घातलंय.’ मी अर्धा तास उगाच बोललो होतो. त्या कामाला लागलोय, गिअरबॉक्स अजून मिळत नाही. कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.

वेळ झाली असं खूण करतायत. माझी कॉन्टेसा खाली फाटकापाशी उभी आहे, डाव्या दाराचा घासलेला पत्रा मी बदललेला नाही. ज्यांना बॉनेट उघडून बघायचंय त्यांनी चला माझ्याबरोबर, पण इंजिन अजून गरम असेल, हात जपून.